ब्लेझर घालू की नको?

रात्रीचे साडेअकरा. उद्याचं प्रेझेंटेशन अर्धं बाकी, कॉफीचा तिसरा मग, आणि मोबाइलवर उदगीरहून दादाचा फोन. आमच्या घरात एवढ्या उशिरा फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो.

"झोपलास का?"

"नाही. काय झालं? तात्या बरे आहेत ना?"

"तात्या ठणठणीत हायत. मी ब्लेझर घेतलो बघ लातूरहून. नेव्ही ब्लू. टाय लावू का नको?"

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. उदगीरला त्याची डाळमिल आहे. ब्लेझरचं निमित्त कुणाचं लग्नबिग्न नव्हतं, तर 'बिझनेस ब्रँडिंग फोटोशूट'! हे शब्द त्यानं एका दमात म्हटले, त्यावरून कळलं की समोर फोटोग्राफरचं कोटेशन आहे आणि हा वाचून दाखवतोय. "तू पुण्याला मार्केटिंगमध्ये हायस. काय काय तयारी करायची सांग."

आता मंडळी, आपली तयारी काय असते? एचआरची मेल येते, 'उद्या हेडशॉट्स आहेत, फॉर्मल्स घाला.' कॉन्फरन्स रूममध्ये राखाडी पडदा लागतो. हाताची घडी, हनुवटी जरा खाली, 'नाइस... नेक्स्ट!' दीड मिनिटात खेळ खलास. मग तोच फोटो लिंक्डइनवर पाच वर्षं, केस गेले तरी. (हाताची घडी घालून फोटो काढला की माणूस लीडर दिसतो, हा शोध कुणी लावला असेल? आमच्या शाळेत हाताची घडी म्हणजे तोंडावर बोट.) पण नोकरीतला फोटो आणि धंद्यातला फोटो यात फरक आहे. आपल्या फोटोवरून कुणी दोन किलो डाळ विकत घेत नाही. दादाच्या फोटोवरून घ्यावी, अशी त्याची इच्छा होती.

थोडं बॅकग्राउंड देतो. लातूर-उदगीर हा तुरीचा आणि डाळीचा पट्टा. आमच्या मिलची डाळ इतकी वर्षं ५० किलोच्या कट्ट्यात भरून जायची. कट्ट्यावर नाव व्यापाऱ्याचं. कधी हैदराबादेत, कधी सोलापुरात, कधी इथे पुण्यात एखाद्या दुकानात तो कट्टा फुटायचा, आणि डाळ कुठून आली हे दुकानदारालाही ठाऊक नसायचं. आता दादानं स्वतःच्या ब्रँडची एक किलोची पाकिटं काढायची ठरवलीत. पुण्यातल्या एका दुकानदारानं सँपल बघितलं, डाळ आवडली, आणि मग त्यानं गूगल मॅपवर मिलचं नाव टाकलं. एकच फोटो आला. बंद शटर आणि शटरसमोर झोपलेलं कुत्रं. कुणी काढला, कधी काढला, देव जाणे. दुकानदारानं विचारलं, "मिल चालू आहे ना नक्की?" हे दादाला लागलं.

म्हणून फोटोशूट. म्हणून ब्लेझर.

मी पहिला प्रश्न विचारला, "फोटो लागणार कुठे कुठे?" पलीकडे शांतता. हा प्रश्न कुणालाच आवडत नाही, कारण उत्तर द्यायला बसावं लागतं. पण बॉस, खरी तयारी इथून सुरू होते. मोठ्या ऑनलाइन दुकानांत पाकिटाचा मुख्य फोटो शुभ्र पांढऱ्या पार्श्वभूमीवरचाच लागतो, पाकिटाशेजारी कोथिंबिरीची जुडी ठेवली तर नापास. वेबसाइटच्या वरच्या पट्टीला आडवा फोटो लागतो, आणि त्यात अक्षरांसाठी एक बाजू मोकळी सोडावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगला चौकोनी बरा. दुकानाबाहेरच्या फ्लेक्सला मोठी फाइल हवी, नाहीतर नाक म्हणजे चार ठिपके. हे आधी सांगितलं नाही तर फोटोग्राफर तीनशे सुंदर उभे फोटो देतो आणि वेबसाइटवाला कपाळाला हात लावतो.

दुसरा प्रश्न, "पाकीट छापून आलं का?"

"प्रूफ आलंय की."

म्हणजे नाही! प्रूफचा फोटो काढून काय करणार? डाळीच्या पाकिटावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक लागतो. निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, सगळं लागतं. यातलं एक जरी छापताना बदललं तरी आधी काढलेले पॅकशॉट्स बाद. मी म्हटलं, प्रूफ व्हॉट्सअ‍ॅप कर. आलं. समोरच्या बाजूला सोनेरी अक्षरात लिहिलं होतं, 'अस्सल बोरसुरी'.

"दादा, हे काय?"

"बोरसुरी फेमस हाय ना."

फेमस आहे, मान्य. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण म्हणूनच ते नाव आता कुणीही उठून छापायचं नाही. त्या भागातली डाळ आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी, दोन्ही लागतं. आपली तूर उदगीरच्या बाजारातली. "मग 'उदगीर' छाप की," मी म्हटलं. त्यावर दादा म्हणाला, "उदगीर कुणाला माहीत हाय रे पुण्यात?" मी गप्प बसलो. दहावीनंतर पुण्यात आल्यावर पहिली दोन वर्षं मी स्वतः 'लातूरचा' असंच सांगायचो. २०२२ मध्ये उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा कुठे ऑफिसातल्या दोघांनी विचारलं, "अरे, तुझंच गाव ना ते?"

तारखेचा घोळ वेगळाच. दादानं शूट ठेवलं होतं येळवशीला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेळ अमावस्या, म्हणजे आमच्याकडची येळवस. लातूर-धाराशिव भागात त्या दिवशी अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, आणि जेवून तिथेच लवंडायचं. बाजारपेठेत चिटपाखरू नसतं. दादाचं लॉजिक असं की त्या दिवशी मिल बंद, माणसं नाहीत, धूळ नाही, सगळं स्वच्छ. निवांत फोटो काढता येतील.

बंद शटरच्या फोटोवर उपाय म्हणून बंद मिलचे फोटो! मी त्याला हे सांगितलं, तेव्हा तो आधी चिडला आणि मग हसत सुटला. येळवस झाल्यावरचा शनिवार ठरला.

शेवटी मी म्हटलं, कोणकोणते फोटो हवेत त्याची यादी पाठव. त्यानं तोलाईच्या पावतीमागे लिहून फोटो पाठवला. एक, मी ऑफिसात लॅपटॉपसंगं. दोन, मी मशिनीपाशी. तीन, मी आणि तात्या. चार, मी किल्ल्यावर (ड्रोन). पाच, ट्रक.

यादी वाचून मी प्रूफकडे परत गेलो. खाली बारीक अक्षरात ग्राहक तक्रारीचा नंबर होता. ओळखीचा वाटला म्हणून मोबाइलमध्ये शोधला. वहिनींचा निघाला.

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये दादाला फोन केला. "तक्रारीला नंबर वहिनींचा का दिलास?"

"फोन तीच उचलती की. मी बाहीर असतो."

"आणि परवाना कुणाच्या नावावर?"

"तिच्याच. उद्यम पण तिच्याच नावावर हाय. लोन पण. केंद्राची ती सूक्ष्म अन्न प्रक्रियेची स्कीम नाही का, ३५ टक्के सबसिडीची? सीए म्हणाला, नव्या युनिटला बाईमाणसाचं नाव बरं पडतंय."

ही स्कीम २०२० मध्ये आली आणि सबसिडीची कमाल मर्यादा १० लाख रुपये. गावोगावी पापड, मसाले, डाळीची युनिट्स त्यातून उभी राहिलीत, आणि त्यांतल्या किती फायलींवर मालकीण म्हणून घरातल्या बाईची सही आहे ते बँकवाल्यांना विचारा. आमच्याकडे तर नुसती सही नाही, काम पण वहिनींचंच आहे. पण पाच फोटोंच्या यादीत त्या कुठेच नव्हत्या. मी ते फोनवर बोललो नाही. असल्या गोष्टी फोनवर बोलून बिघडतात. शुक्रवारची एक सीएल टाकली, गुरुवारी रात्रीची बस पकडली.

उदगीरला उतरलो तर थंडीनं दात वाजत होते. मिलमध्ये मात्र हवा गरम आणि पिवळी. पिवळी म्हणजे खरंच पिवळी. डाळीची बारीक पूड हवेत तरंगत असते, ती खिडकीतून येणाऱ्या उन्हात दिसते. लहानपणी मी ह्याला 'सोन्याची धूळ' म्हणायचो आणि तात्या म्हणायचे, "सोनं हाय तर झाडून घे."

डाळ कशी होते हे मला तरी नीट कुठे माहीत होतं? शुक्रवारचा दिवस मी वहिनींच्या मागे वही घेऊन फिरलो, कारण काय काय फोटो काढायचे ते ठरवायला काम आधी समजायला हवं. तूर येते, चाळण्यांवरून जाते, खडा-माती-काडी वेगळी होते, लहान-मोठा दाणा वेगळा होतो. मग ती खरखरीत रोलरमधून निघते. दाण्याला नुसते ओरखडे पडतात, फुटायचा नाही. ओरखड्यांतून तेल मुरावं म्हणून तेलाचा हात लावून ढीग घालायचा. मग खळ्यावर उन्हात वाळवण. ऊन कसं आहे त्यावर दोन दिवस की चार, ते ठरतं. मोठ्या मिल्समध्ये आता ड्रायर असतात, आमच्याकडे अजून ऊनच. मग पाण्याचा हलका हबका, परत रोलर, आणि टरफल सुटून डाळ दोन फाकांत पडते. टरफल आणि चुनी जनावरांच्या खाद्याला जाते. (आमचा हा भाग देवणी गाईचा, त्यामुळे गिऱ्हाइकांची कमी नाही.) शंभर किलो तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ निघाली की तात्या खूश. शेवटी सॉर्टिंगचं मशीन, कॅमेऱ्यानं एकेक दाणा बघून डागी दाणा हवेच्या फुंकरीनं उडवणारं. म्हणजे बघा, आमच्या मिलमध्ये डाळीचे फोटो रोज निघतात. माणसांचे तेवढे राहिलेत.

तर या सगळ्यात निर्णय कुठे घेतला जातो? खळ्यावर. वहिनी सकाळी वाळवणातून मूठभर दाणे उचलतात, एक दाताखाली धरतात, आणि "कटकन् नाही वाजला, अजून एक ऊन पाहिजे," म्हणतात. त्यांचं 'हो' आल्याशिवाय ढीग आत जात नाही. मॉइश्चर मीटर आहे, कपाटात आहे. दादासुद्धा बाजारातून फोन करून विचारतो, "झालं का गं वाळून?" हाच खरा फोटो होता आणि तो कुणाच्या यादीत नव्हता.

दुपारी फोटोग्राफर रेकीला आला. लातूरचा तरुण पोरगा, मूळ काम लग्नांचं, पण डोकं तल्लख. आल्या आल्या त्यानं मिलमधल्या सगळ्या ट्यूबलाइट आणि पिवळे बल्ब बंद करायला लावले. का? खिडकीतून निळसर उजेड, वरून पिवळा, बाजूनं हिरवट, आणि मध्ये पिवळी डाळ. कॅमेरा गोंधळतो, पिवळं म्हणजे नक्की कोणतं ते त्याला कळत नाही. एकाच उजेडात काम करायचं, आणि आधी पांढरा-राखाडी कागद धरून कॅमेऱ्याला रंग शिकवायचा. डाळ लाकडी टेबलावर ठेवली की विरून जाते. काळ्या दगडी पाट्यावर ठेवून उजेड बाजूनं, खालून सोडला की दाणा न् दाणा उठून दिसतो. पाटा आक्काच्या, म्हणजे माझ्या काकूच्या स्वयंपाकघरातून आला. स्टुडिओ प्रॉप, चकटफू!

त्यानं दोन-चार टेस्ट फोटो काढले, लॅपटॉपवर टाकले, एक बटन सरकवलं आणि डाळ अशी काही झळकली की दादा म्हणाला, "वा! एक नंबर!"

वहिनी मागून बघत होत्या. "ही आपली डाळ नाही."

"अगं, आपलीच हाय की, आत्ता तुझ्यासमोर..."

"आपली डाळ एवढी पिवळी नाही. आपण पॉलिश करत नाही. ती मातकट दिसती. हे बघून माणूस पाकीट घेईल, घरी जाऊन उघडेल, आणि फोन कुणाला करेल? मला."

कुणी काही बोललं नाही. पोरानं बटन गुपचूप मागे सरकवलं. मी आजवर ब्रँड गाइडलाइन्सवरच्या अनेक मीटिंगा केल्यात, एसीत बसून, समोसे खात. यापेक्षा नेमकी ब्रीफ ऐकल्याचं आठवत नाही.

आता किल्ला. दादाला किल्ल्यावर ड्रोनचा शॉट हवाच होता. त्याची कल्पना अशी: उदगीरचा किल्ला, मागे बुरूज, पुढे ब्लेझरमध्ये हा, खाली ओळ 'विजयाची परंपरा'. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं, इब्राहिमखान गारदीचा तोफखाना होता, सगळं खरं. पण पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं हेही सगळ्यांना पाठ आहे. 'विजयाची परंपरा' लिहिलंस तर गिऱ्हाईक पुढचा धडा आठवेल, असं मी म्हटलं. शिवाय संरक्षित स्मारकात धंद्याचं शूटिंग करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ड्रोनचे नियम आणखी वेगळे. एका दिवसात ते होणं नाही. तात्या बाजेवरून म्हणाले, "फोटो डाळीचा काढलालास का किल्ल्याचा?" विषय संपला.

रात्री जेवताना मी तो दुसरा विषय काढला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि आपल्याच मिलच्या डाळीचं वरण. पोट भरल्यावर माणूस जरा ऐकून घेतो. मी सरळ विचारलं, "यादीत वहिनी का नाहीत?"

दादा गोंधळला. खोटं का बोला, तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच सुचलं नव्हतं. "तिला आवडत नाही फोटो. आणि लोक काय म्हणतील, बायकोला पुढं केला म्हणून..."

"कागदावर पुढं केलंस की."

हे जरा जास्तच झालं. आक्का भाकरी थापायची थांबली. तात्या वरणाकडे बघत राहिले.

मग मी विषय जरा लांबून वळवला. आपलं उदगीर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्या निजामाचा दरबारी फोटोग्राफर होता लाला दीनदयाळ, मूळचा सरधन्याचा, आधी इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला. सहाव्या निजामानं, महबूब अली खाननं, त्याला 'राजा मुसव्विर जंग बहादूर' असा किताब दिला. या माणसानं १८९२ मध्ये हैदराबादेत खास पडदानशीन बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. चालवायला एक इंग्रज बाई. का, तर त्या घरांतल्या बायकांनाही फोटो हवा होता, फक्त परक्या पुरुषासमोर बसायची सोय नव्हती. 'आमच्या बायकांना फोटो आवडत नाही' असं घरातले पुरुष तेव्हाही म्हणत असतील. दीनदयाळ धंदेवाईक होता, त्यानं बायकांना विचारलं असणार. "तू विचारलास का वहिनींना?"

दादानं विचारलं. आमच्या सगळ्यांसमोर, चमचा हातात धरून, लग्नानंतर चौदा वर्षांनी.

वहिनी लगेच बोलल्या नाहीत. ताटं उचलली, ओटा पुसला, मग दारात उभं राहून म्हणाल्या, "मिलमध्ये काम करताना काढा. पावडरबिवडर नको. खाली माझं नाव लिहा, 'सौ. अमुक-तमुक' नको, माझं नाव. आणि पाकिटावर माझा चेहरा नको, भाऊजी."

"का? मसाल्याच्या पाकिटावर फेटेवाले महाशय नव्हते का, धरमपाल गुलाटी? अख्खा देश चेहऱ्यानं ओळखायचा. २०२० मध्ये गेले, तरी आठवतात."

"ते त्यांचं बघतील. पाकीट लोक कात्रीनं कापतात आणि कचऱ्यात टाकतात. कुणाच्या तरी घरच्या भाजीच्या सालींत माझं तोंड नको मला."

मार्केटिंगमधली माझी अकरा वर्षं, आणि हा मुद्दा मला कधी सुचला नव्हता. मी वहीत लिहून घेतलं: वेबसाइट हो, दुकानातलं पोस्टर हो, ऑर्डरची पुस्तिका हो, पाकीट नाही. खाली त्यांची सही घेतली. मग वाटलं, हेच हमालांना आणि चाळणीवरच्या बायकांनाही विचारायला हवं. सकाळी विचारलं. दोघींनी सरळ नाही म्हटलं, एकीनं विचारलं, "फोटो मला पण मिळंल का?" तिचं नाव यादीत वर टाकलं, प्रिंटसाठी.

कागदपत्रांचं लगे हाथ सांगून टाकतो, कारण तुमच्यापैकी कुणी साइड बिझनेस काढला की हेच विसरता. आपल्याकडे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. १९५७ चा कायदा तसं म्हणतो. पण कोटेशनच्या खाली बारीक टायपात 'सर्व हक्क स्टुडिओकडे' असं असेल आणि तुम्ही सही ठोकलीत, तर तो झाला वेगळा करार. वाचा! मूळ फाइल्स मिळणार का, किती फोटो एडिट करून मिळणार, किती दिवसांत, स्टुडिओ ते स्वतःच्या जाहिरातीला वापरणार का, हे चार वाक्यांत लिहून घ्या. आमच्या पोरानं तर पानाच्या मागच्या बाजूला पेननं लिहून दिलं. चालतं.

कपड्यांबद्दलही विचाराल, म्हणून सांगतो. बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात रेघा नाचतात. केस आदल्या दिवशी कापू नका, चार-पाच दिवस आधी कापा, नाहीतर फोटोत कान आधी येतात. चष्मा असेल तर पोराला सांगा, तो दिव्याचा कोन बदलेल, तुम्ही चष्मा काढू नका, ऑफिसात तुम्हाला कुणी बिनचष्म्याचं पाहिलेलं नसतं. आणि जिथे पिवळी धूळ उडते तिथे नेव्ही ब्लू घालू नका. हे मी दादाला तीनदा सांगितलं होतं.

शनिवार. सातला ऊन खळ्यावर तिरपं पडलं आणि काम सुरू झालं. पोरानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे काहीच केली नाही. अर्धा तास नुसता उभा राहिला, कॅमेरा गळ्यात, लेन्सवर कापड. माणसं त्याला विसरली. मग वहिनी आल्या, गडद हिरवी साडी, पदर खोचलेला. वाळवणात वाकून मूठ भरली, दाणा दाताखाली धरला. क्लिक झाल्याचं त्यांना कळलंच नसावं, कारण पुढच्या क्षणी त्या हमालावर ओरडल्या, "अरे, त्या कोपऱ्यातलं कालचं हाय, मिसळू नको!" तोही फोटो आला. ओरडतानाचा. तोच सगळ्यात भारी आहे, पण वहिनींनी त्यावर काट मारली आणि ती काट आम्ही पाळली.

साडेनऊनंतर ऊन डोक्यावर आलं तसे आत गेलो. लाल तूर, पांढरी तूर, वाटीतली डाळ, पाट्यावरची डाळ, आणि उकळत्या वरणाचा शॉट. वाफ दिसावी म्हणून मागे काळी घोंगडी लावली आणि मागच्या दारातून उजेड घेतला. ग्लिसरीन, रंग, असले उद्योग नाहीत. फोडणी पडली तेव्हा तीन क्लिक मिळाले. चौथ्याला वरण निवलं होतं आणि आम्हाला भूक लागली होती.

दादानं ब्लेझर घातलाच. टाय नाही लावली, एवढी माझी जीत. मशिनीपाशी उभा राहिला, हाताची घडी घातली, दहा मिनिटांत खांद्यांवर पिवळा थर. पोरानं दोन फोटो काढले. त्यातला एक दादाच्या लिंक्डइनवर आहे, खुशाल बघा. तात्या मात्र काही केल्या फोटोला येईनात. शेवटी तोलकाट्याशेजारी बसून पावत्या लावत होते तेव्हा लांबून एक मिळाला, पाठमोरा, कानामागे पेन. तो त्यांनी बघितला, बराच वेळ बघितला, आणि विचारलं, "ह्याचे किती पैसे घेतला?"

फोटो येऊन आता महिना झाला. पुण्याच्या त्या दुकानदारानं वहिनींचा खळ्यावरचा फोटो काउंटरमागे लावलाय, खाली त्यांचं नाव. पहिल्या लॉटची दोनशे पाकिटं गेली. पाकिटावर 'उदगीर' छापलंय, सोनेरीच. वहिनींच्या नंबरवर आतापर्यंत अकरा फोन आले. त्यातले नऊ जण विचारत होते डाळ मातकट का आहे, आणि त्या दर वेळी न कंटाळता पॉलिशचं सांगतात. दोघांनी परत मागवली. दादा म्हणतो, पुढच्या लॉटच्या पाकिटावर हेच छापू.

गूगल मॅपवर नवे पंधरा फोटो टाकले. पण अनोळखी माणसानं टाकलेला फोटो आपल्याला सरळ काढता येत नाही, रिपोर्ट करून वाट बघावी लागते. त्यामुळे अजून कधीकधी पहिला तोच येतो, बंद शटर आणि झोपलेलं कुत्रं. परवा मी पुन्हा रिपोर्ट करायला निघालो तर वहिनी फोनवर म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. शटर जाऊ द्या, पण ते कुत्रं खरंच आपलं हाय. रोज येतं."